चिपचा आराखडा एफपीजीएवर उतरवताना: फरकांची वही आणि बाकीची तयारी

फर्मागुडी, झुआरीनगर आणि कुंकळ्ळी येथे अभियांत्रिकी शिकणारी जी मुले प्रकल्पाच्या निमित्ताने माझ्याकडे फोंड्याला येतात, त्यांतील बहुतेकांचा पहिला प्रश्न सारखाच असतो: सिम्युलेशनमध्ये (संगणकावर आराखडा चालवून पाहताना) सगळे नीट चालते, मग एफपीजीएवर टाकल्यावर का अडते? प्रश्न योग्यच आहे आणि या लेखाचा मोठा भाग त्याच्याच उत्तरात जाणार आहे. मात्र त्याच्या जोडीला दुसरा एक प्रश्न असतो, जो फार कमी जण विचारतात आणि जो माझ्या मते अधिक महागात पडतो: एफपीजीएवर जे चालले, ते प्रत्यक्ष चिपमध्ये चालेल हे कशावरून?

एफपीजीए म्हणजे कारखान्यातून बाहेर पडल्यानंतरही ज्याची अंतर्गत जोडणी बदलता येते असे सर्किट. झायलिंक्सने १९८५ साली बाजारात आणलेल्या एक्ससी२०६४ या पहिल्या एफपीजीएमध्ये अवघे ६४ लॉजिक ब्लॉक होते. त्याच कंपनीने २०१९ साली जाहीर केलेल्या व्हीयू१९पीमध्ये सुमारे ९० लाख लॉजिक सेल आहेत. क्षमता एवढी वाढली, तरी चिपसाठी लिहिलेला आराखडा आजही एफपीजीएवर जसाच्या तसा बसत नाही. क्लॉक (सर्किटला ताल देणारा ठोका), मेमरी, रीसेट, पिना, बाहेरची यंत्रे या सर्वांच्या बाबतीत काही ना काही तडजोड करावी लागते आणि प्रत्येक तडजोडीबरोबर आपण तपासत असलेली वस्तू खऱ्या चिपपासून एक पाऊल दूर जाते. म्हणून प्रकल्पाच्या पहिल्याच दिवशी मी मुलांना एक साधी वही करायला लावतो. तिला आम्ही फरकांची वही म्हणतो. एफपीजीएसाठी आराखड्यात केलेला बदल, त्याचे कारण, त्या बदलामुळे कोणता दोष झाकला जाऊ शकतो आणि तो दोष दुसऱ्या कोणत्या मार्गाने तपासायचा, असे चार रकाने तिच्यात असतात. पुढील सर्व पायऱ्या या वहीला धरून सांगितल्या आहेत.

बोर्ड घेण्याआधी

प्रोटोटाइप कशासाठी करायचा, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. समजा, आपल्या प्रोसेसरवर लिनक्स सुरू होऊन प्रॉम्प्ट दिसेपर्यंत १०० कोटी क्लॉकचक्रे लागतात. मोठ्या आराखड्याच्या आरटीएलचे (हार्डवेअरच्या भाषेत लिहिलेल्या वर्णनाचे) सिम्युलेशन सेकंदाला हजार चक्रे या गतीने चालत असेल, तर त्याला १० लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस लागतील. तेच काम ५० मेगाहर्ट्झने चालणारा एफपीजीए २० सेकंदांत करतो. जे दोष कोट्यवधी चक्रांनंतर किंवा अगदी क्वचित येणाऱ्या आकड्यांवरच उमटतात, त्यांच्यासाठी या गतीला पर्याय नाही. १९९४ साली उघडकीस आलेला पेंटियमचा भागाकाराचा दोष याच जातीचा होता. भागाकारासाठी वापरलेल्या तक्त्यातील काही नोंदी गळाल्या होत्या, बहुसंख्य भागाकार बिनचूक येत होते आणि अखेरीस इंटेलला ४७.५ कोटी डॉलरचा भार सोसावा लागला.

उलट, साध्या चुका बोर्डवर शोधू नयेत. सिम्युलेशनमध्ये प्रत्येक सिग्नल प्रत्येक क्षणी दिसतो, बोर्डवर तो दिसण्यासाठी आधी तजवीज करावी लागते. घटकवार चाचण्या आणि एकत्रित आराखड्याच्या मूलभूत चाचण्या सिम्युलेशनमध्ये पार पडल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, हा नियम मी कधीही सैल करत नाही.

बोर्ड निवडताना जाहिरातीतील लॉजिक सेलच्या आकड्यावर विसंबू नये. आर्टिक्स-७ मालिकेतील ३५टी या एफपीजीएची क्षमता ३३,२८० लॉजिक सेल अशी लिहिलेली असते, परंतु सिंथेसिसच्या (आरटीएलचे सर्किटमध्ये रूपांतर करण्याच्या) अहवालात ज्यांच्याशी आपला हिशेब जुळवायचा असतो ती सहा-इनपुट लुकअप टेबले (लॉजिक साठवणारे छोटे तक्ते) त्यात २०,८०० असतात. १००टीमध्ये १,०१,४४० लॉजिक सेल आणि ६३,४०० लुकअप टेबले आहेत. ब्लॉक रॅम (एफपीजीएतील तयार मेमरी) आणि गुणाकारासाठीचे डीएसपी घटक यांची मोजदाद वेगळी करावी: ३५टीमध्ये ३६ किलोबिटचे ५० ब्लॉक आणि ९० डीएसपी, तर १००टीमध्ये १३५ ब्लॉक आणि २४० डीएसपी. लुकअप टेबले, ब्लॉक रॅम आणि डीएसपी या तिन्हींपैकी जी गोष्ट आधी संपेल ती आपली खरी मर्यादा, आणि प्रोसेसरच्या बाबतीत ती बहुधा मेमरी असते. लुकअप टेबलांचा वापर ७० टक्क्यांच्या वर गेला की जोडणीसाठी मार्ग सापडणे अवघड होत जाते आणि टायमिंग (प्रत्येक सिग्नल क्लॉकच्या ठोक्याआधी पोहोचणे) जमवण्यात दिवस जातात, त्यामुळे मी सुरुवातीचा अंदाज ६० टक्क्यांवरच थांबवतो. तपासणीची साधने नंतर घालायची असतात, त्यांनाही जागा लागते.

सराव करायचा असेल तर स्वतःचा प्रोसेसर लिहिण्याआधी आयआयटी मद्रासच्या शक्ती प्रकल्पातील आराखडे चालवून पाहावेत. त्यांतील पिनाक हा ३२ बिटांचा आराखडा ३५टीवर आणि वज्र हा ६४ बिटांचा आराखडा १००टीवर बसतो. दुसऱ्याने नीट चालवलेली गोष्ट आपल्या बोर्डवर चालली, म्हणजे केबल, ड्रायव्हर आणि साधने ठीक आहेत एवढी खात्री होते, आणि ती खात्री पुढच्या महिन्यात फार कामी येते.

मूळ आरटीएलला धक्का न लावता बदल करणे

नवख्या गटाची सर्वांत मोठी चूक म्हणजे आरटीएलची एक प्रत काढून तिला एफपीजीएचे नाव देणे आणि तीत हवे ते बदल करत जाणे. पंधरवड्यात दोन्ही प्रती एकमेकींपासून इतक्या दुरावतात की बोर्डवर सापडलेला दोष मूळ आराखड्यात आहे की नाही, हेच सांगता येत नाही. आरटीएल एकच असावे. तंत्रज्ञानावर अवलंबून असलेल्या प्रत्येक गोष्टीभोवती, म्हणजे मेमरी, क्लॉक-गेट, पीएलएल (क्लॉक तयार करणारा घटक) आणि पॅड (पिनांजवळचे सर्किट) यांच्याभोवती, एक पातळ वेष्टन असावे. पिना त्याच ठेवून आतील अंमलबजावणी चिपसाठी एक आणि एफपीजीएसाठी दुसरी असावी, आणि कोणती घ्यायची हे एका संकलन-चिन्हाने ठरावे. ही वेष्टने एकाच फोल्डरमध्ये ठेवली की फरकांची वही अर्धी आपोआप भरते, कारण त्या फोल्डरातील प्रत्येक फाइल ही वहीतील एक ओळ असते.

क्लॉक-गेटिंगपासून सुरुवात करावी. चिपमध्ये वीज वाचवण्यासाठी काम नसलेल्या भागाचा क्लॉक थांबवतात आणि त्यासाठी लॅच (संकेत धरून ठेवणारे सर्किट) असलेला खास घटक वापरतात. तेच आरटीएल तसेच एफपीजीएवर नेले, तर क्लॉकच्या वाटेत लुकअप टेबल येते, क्लॉक आपला राखीव मार्ग सोडून सामान्य तारांवरून फिरतो आणि वेगवेगळ्या फ्लिपफ्लॉपवर (ठोक्याला एक बिट साठवणाऱ्या घटकांवर) वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. परिणामी डेटा वेळेआधीच पुढच्या फ्लिपफ्लॉपवर येऊन जुन्या मूल्याला पुसतो. हा होल्डचा भंग होय. मुले अशा वेळी क्लॉक ५० वरून २५ आणि मग १० मेगाहर्ट्झवर आणून पाहतात आणि तरीही दोष राहतो म्हणून गोंधळतात. होल्डचा क्लॉकच्या गतीशी संबंध नसतो, त्यामुळे क्लॉक कितीही संथ केला तरी हा दोष जात नाही. उपाय एकच: क्लॉक अखंड चालू ठेवून थांबवण्याचा संकेत फ्लिपफ्लॉपच्या एनेबलला द्यावा. विव्हाडोसारख्या सिंथेसिसच्या साधनात हे रूपांतर आपोआप करण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी मूळ क्लॉक कोणता हे त्याला सांगावे लागते आणि किती गेट प्रत्यक्षात बदलले हे अहवालात मोजून पाहावे लागते. ३५टी-१००टीसारख्या सात-मालिकेतील एफपीजीएमध्ये सर्वदूर पोहोचणारे क्लॉक-बफर ३२च असतात, म्हणून चिपमधील पन्नास-साठ गेट केलेले क्लॉक तसेच ठेवण्याचा विचारही करू नये. वहीत मात्र स्पष्ट लिहावे की क्लॉक प्रत्यक्ष थांबल्यावर आणि पुन्हा सुरू झाल्यावर काय घडते, हे या प्रोटोटाइपने तपासलेले नाही.

मेमरीच्या वेष्टनात अधिक काळजी लागते. चिपसाठीची एसरॅम एका बिटापुरते लेखन करू शकते, तर ब्लॉक रॅममध्ये लेखनाचे एनेबल बाइटच्या हिशेबाने असते. बिटवार लेखन हवे असेल तर मेमरी अरुंद पट्ट्यांत विभागावी लागते आणि ब्लॉक भराभर संपतात. ब्लॉक रॅमचे वाचन नेहमी क्लॉकच्या ठोक्याला होते, त्यामुळे पत्ता देताच त्याच चक्रात उत्तर मागणारी रजिस्टर फाइल (प्रोसेसरची रजिस्टरे ठेवणारी छोटी मेमरी) तिच्यात बसत नाही, तिला लुकअप टेबलांतून बनलेल्या वितरित रॅममध्ये ठेवावे लागते. दोनपेक्षा अधिक वाचनदारे हवी असल्यास त्याच मजकुराच्या अनेक प्रती ठेवून प्रत्येक प्रतीवर एकाच वेळी लेखन करावे. लेखनदारे अनेक असतील तर मात्र प्रकरण बरेच गुंतागुंतीचे होते. एकाच पत्त्यावर एकाच क्षणी लेखन आणि वाचन झाल्यास ब्लॉक रॅम आपण निवडलेल्या पद्धतीनुसार जुने किंवा नवे मूल्य निश्चितपणे देते, तर चिपमधील मेमरी त्या वेळी काहीही देऊ शकते. म्हणून अशी गाठ पडली की सिम्युलेशन थांबवणारी तपासणी वेष्टनातच लिहून ठेवावी. ती बोर्डवर नसली तरी सिम्युलेशनमध्ये काम करते. चिपमध्ये दोन मेगाबाइटची मेमरी असेल, तर ती १००टीच्या १३५ ब्लॉकांत मावणार नाही. ती बोर्डावरील डीडीआर मेमरीत हलवावी लागेल आणि मग त्या प्रोटोटाइपवर मोजलेली कार्यक्षमता चिपची म्हणून कुठेही लिहू नये.

रीसेट: एका संध्याकाळची गोष्ट

या विषयावर मला थोडे थांबायचे आहे, कारण फरकांच्या वहीची कल्पना मला इथूनच सुचली.

एका गटाचा छोटा प्रोसेसर, सूचनांच्या कॅशसह (अलीकडच्या सूचना हाताशी ठेवणाऱ्या मेमरीसह), १००टीवर चालत होता. सिरियल टर्मिनलवर ओळी येत होत्या, मंडळी खूश होती. त्यांच्यातील एक मुलगी मात्र वारंवार बोर्डाची केबल काढून पुन्हा लावत होती. मी कारण विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘‘सर, नवा प्रोग्रॅम लोड करून रीसेटचं बटण दाबलं, की कधी कधी जुन्याच प्रोग्रॅमची ओळ येते. केबल काढून लावली की बरोबर चालतं.’’ मी समोर बसून पाहिले. तिने जेटॅग या तपासणीच्या जोडणीवरून नवा प्रोग्रॅम मेमरीत भरला, बटण दाबले, आणि पडद्यावर आधीच्या प्रोग्रॅमचे शीर्षक जसेच्या तसे उमटले. पुढच्या चार ओळी नव्या होत्या आणि पाचव्या ओळीत प्रोसेसर अडकला.

कारण शोधायला रात्रीचे नऊ वाजले. कॅशमधील प्रत्येक ओळ वैध आहे की नाही हे सांगणारा बिट त्यांनी इतर खुणांबरोबर ब्लॉक रॅममध्येच ठेवला होता आणि ब्लॉक रॅममधील मजकूर रीसेटने पुसला जात नाही. त्यामुळे बटण दाबल्यावर जुन्या प्रोग्रॅमच्या ओळी वैधच राहत. वीज काढून दिली की एफपीजीए नव्याने भरला जातो, त्या वेळी ब्लॉक रॅम शून्याने सुरू होते, सर्व ओळी अवैध ठरतात आणि प्रोसेसर निर्दोष वाटतो. चिपमध्ये असे कोणीही शून्य भरून देत नाही. तेथे वीज आल्यावर मेमरीत कोणता बिट कसा असेल याचा नेम नसतो, म्हणजे हा प्रोसेसर सिलिकॉनमध्ये गेला असता तर पहिल्याच सूचनेला कुठल्या तरी कचऱ्याला वैध मानून भरकटला असता. त्या मुलीने त्रास म्हणून सांगितलेली गोष्ट हाच सगळ्या प्रकल्पातील सर्वांत मोलाचा शोध होता.

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी सक्तीने करतो. पहिली, प्रत्येक ब्लॉक रॅमला सुरुवातीचे मूल्य म्हणून यादृच्छिक आकड्यांची फाइल देतो आणि दर आठवड्याला ती बदलतो. बूट रॉम तेवढा वगळतो. दुसरी, प्रत्येक चाचणी वीज बंद-चालू करून आणि काम अर्धवट असताना रीसेटचे बटण दाबून, अशा दोन्ही प्रकारे चालवतो. फ्लिपफ्लॉपांचीही तीच गत असते: एफपीजीए भरला जाताना त्यांना ठरावीक मूल्य मिळते, म्हणून आरटीएलमध्ये रीसेट लिहायचा राहून गेला तरी बोर्ड तक्रार करत नाही. ही चूक शोधण्यासाठी अज्ञात मूल्ये पसरू देणारे सिम्युलेशन आणि लिंटचा (आरटीएलमधील संशयास्पद जागा दाखवणाऱ्या साधनाचा) अहवाल यांचाच आधार घ्यावा. रीसेट सोडताना तो प्रत्येक क्लॉकशी जुळवून सोडणारे दोन फ्लिपफ्लॉपांचे सर्किट प्रत्येक क्लॉक-क्षेत्रात स्वतंत्र असावे.

दोन क्लॉकांच्या सीमेवर

वेगवेगळ्या क्लॉकांवर चालणारे भाग एकमेकांशी बोलतात तेथे एका बिटासाठी दोन फ्लिपफ्लॉपांची साखळी आणि अनेक बिटांसाठी ग्रे-संकेतातील (एका वेळी एकच बिट बदलणारे) निर्देशक असलेली फिफो (रांगेसारखी मेमरी), ही पद्धत सर्वांना ठाऊक असते. ज्याकडे दुर्लक्ष होते ती गोष्ट वेगळी आहे. बोर्डवर सोय म्हणून दोन्ही क्लॉक एकाच ऑसिलेटरपासून, एकाच क्लॉक-व्यवस्थापकातून काढले जातात. मग त्यांच्या कडांमधील अंतराचा क्रम ठरून जातो आणि सीमेवरचा दोष महिनोन्महिने दिसत नाही. चिपमध्ये हे क्लॉक खरोखर स्वतंत्र असणार असतील, तर बोर्डवरही दुसरा क्लॉक वेगळ्या ऑसिलेटरवरूनच आणावा, त्यासाठी लहान जोडबोर्ड लावावा लागला तरी चालेल. टायमिंगच्या बंधनांत दोन क्लॉकांमधील सर्व मार्ग सरसकट दुर्लक्षित करू नयेत. ग्रे निर्देशकाच्या बिटांमध्ये फार तफावत पडू नये म्हणून त्या मार्गांना कमाल विलंबाची मर्यादा घालावी.

एका एफपीजीएत मावत नाही तेव्हा

मोठ्या आराखड्यांची खरी परीक्षा इथे असते. आधी लक्षात घ्यावे की मोठे एफपीजीए आतूनही एकसंध नसतात: व्हीयू१९पी चार सिलिकॉन तुकड्यांचा बनलेला आहे आणि एका तुकड्यातून दुसऱ्यात जाणाऱ्या तारा मोजक्याच व संथ असतात. त्यामुळे एकच एफपीजीए वापरला तरी विभागणीचा विचार टळत नाही.

दोन किंवा अधिक एफपीजीए जोडताना पिना अपुऱ्या पडतात. समजा, विभागणीच्या रेषेवर ३,००० सिग्नल तुटतात आणि जोडणीसाठी तारांच्या २०० जोड्या उपलब्ध आहेत. मग प्रत्येक जोडीवरून १५ सिग्नल पाळीपाळीने पाठवावे लागतील. एका जोडीची गती सेकंदाला १,००० मेगाबिट धरली, तर आराखड्याचा क्लॉक कागदावरच ६६ मेगाहर्ट्झच्या वर जाऊ शकत नाही, आणि पाठवणे, जुळवणे, स्वीकारणे यांचा विलंब धरल्यावर तो आणखी बराच खाली येतो. त्यातही एखादा संकेत फ्लिपफ्लॉपवर न थांबता एका चिपमधून दुसऱ्यात जाऊन त्याच चक्रात परत येत असेल, तर तो विलंब दोनदा मोजावा लागतो. म्हणून कोठे कापायचे हे साधनावर सोपवण्याआधी माणसाने आराखड्याचा नकाशा समोर ठेवून ठरवावे. सीमा रजिस्टरवरच असावी. एएक्सआयसारखी बस (घटकांना जोडणारा ठरावीक मार्ग) ही कापण्यास उत्तम जागा आहे, कारण तिच्यातील व्हॅलिड-रेडी (‘माहिती तयार’ आणि ‘घ्यायला तयार’ या संकेतांची) पद्धत काही चक्रांचा उशीर सहन करते. मात्र रेडीचा संकेत सरळ लॉजिकमधून परत येत नाही ना, हे पाहून दोन्ही दिशांना रजिस्टर घालावे. प्रोसेसरचा गाभा आणि त्याची पहिल्या पातळीची कॅश यांच्यामध्ये रेषा ओढण्याचा मोह आवरावा. दोन गाभ्यांचा आराखडा असेल तर कधी कधी एकाच गाभ्याने काम चालवणे अधिक शहाणपणाचे ठरते. तसे केल्यास वहीत ती सर्वांत वरची ओळ असावी.

सिंथेसिसचे अहवाल वाचणे

इशाऱ्यांची यादी हजारांवर जाते म्हणून ती वाचायची सोडून देऊ नये. नको असताना तयार झालेले लॅच, एकाच तारेला दोन चालक, आणि कापून टाकलेले लॉजिक, या तीन गोष्टी तरी दर वेळी शोधाव्यात. एखाद्या घटकाचे आउटपुट कोठेच जोडलेले नसेल, तर साधन तो घटक निरुपयोगी मानून पूर्ण काढून टाकते आणि आराखडा अपेक्षेपेक्षा छान बसल्याचा आभास होतो. प्रत्येक घटकाने किती लुकअप टेबले घेतली याचा उतरंडीनुसार तक्ता काढून तो मागच्या आठवड्याच्या तक्त्याशी ताडावा. चाळीस हजारांचे एकदम बारा हजार झाले असतील तर आनंद मानू नये.

टायमिंगसाठी आधी २५ मेगाहर्ट्झचे लक्ष्य ठेवावे आणि ते साधल्यावर वर जावे. एफपीजीएमध्ये विलंबाचा मोठा वाटा लॉजिकपेक्षा तारांचा असतो, त्यामुळे रुंद मल्टिप्लेक्सर, मोठे क्रॉसबार आणि मजकुरावरून पत्ता शोधणाऱ्या मेमऱ्या हे चिपमध्ये किरकोळ वाटणारे भाग येथे सर्वांत संथ मार्ग ठरतात. असा मार्ग मोडण्यासाठी मध्ये रजिस्टर घालणे सोपे असते. पण त्याने चक्रांचा हिशेब बदलतो, आणि मग आपण तपासत असलेला प्रोसेसर मूळचा राहत नाही. माझे मत स्पष्ट आहे: प्रोटोटाइप ३० मेगाहर्ट्झने चालला तरी चालेल, चक्रांचा क्रम मूळ आरटीएलशी जुळलेला असावा.

बोर्डवर पहिले दोन दिवस

सर्व आराखडा एकदम टाकू नये. आधी केवळ क्लॉक आणि लुकलुकणारा दिवा, मग सिरियल पोर्ट, मग मेमरी, आणि अखेरीस प्रोसेसर, या क्रमाने जावे. प्रत्येक बिटस्ट्रीममध्ये (एफपीजीएत भरायच्या फाइलमध्ये) सॉफ्टवेअरला वाचता येईल असा ३२ बिटांचा ओळख-क्रमांक ठेवावा आणि तो आरटीएलच्या नोंदवलेल्या आवृत्तीवरून आपोआप भरला जावा. बोर्डवर नेमके काय चालले आहे याविषयीचे निम्मे वाद त्याने मिटतात.

सिरियल पोर्टवर अगम्य अक्षरे उमटली तर प्रोसेसरवर संशय घेण्याआधी भागाकार करून पाहावा. ५० मेगाहर्ट्झवर १,१५,२०० बॉडसाठी (सेकंदाला तितक्या बिटांसाठी) विभाजक ४३४ येतो. टायमिंग जमेना म्हणून क्लॉक ४० मेगाहर्ट्झवर आणला आणि विभाजक तोच राहिला, तर प्रत्यक्ष गती सुमारे ९२,१६६ होते, म्हणजे २० टक्क्यांची चूक; दहा बिटांच्या चौकटीत सुमारे ५ टक्क्यांपलीकडची चूक स्वीकारणाऱ्याला झेपत नाही. सॉफ्टवेअरने क्लॉकची गती कोठेही कोरून ठेवू नये, ती एका रजिस्टरमधून वाचावी. वॉचडॉग (अडकलेल्या प्रोसेसरला रीसेट करणारा गणक) आणि टायमर यांनाही हेच लागू आहे.

बाहेरचे जग आपल्यासाठी संथ होत नाही, ही अडचण मोठी आहे. डीडीआर३ मेमरी सर्वसाधारण पद्धतीत सुमारे ३०० मेगाहर्ट्झच्या खाली चालवता येत नाही आणि तिला सरासरी दर ७.८ मायक्रोसेकंदांनी रिफ्रेश लागतो, म्हणून आपला मेमरी कंट्रोलर २५ मेगाहर्ट्झने चालवून तिला जोडणे शक्य नसते. तेथे एफपीजीए कंपनीचा कंट्रोलर वापरून आपल्या बसला मध्यस्थाने जोडावे आणि आपला कंट्रोलर तपासला गेला नाही अशी नोंद करावी. इथरनेटची गोष्ट सोपी आहे: १०० मेगाबिटसाठी लागणारा २५ मेगाहर्ट्झचा क्लॉक झेपत नसेल तर १० मेगाबिटवर उतरावे, त्याला २.५ मेगाहर्ट्झ पुरतो.

आत डोकावणे

बोर्ड अडकला की आतील सिग्नल पाहण्यासाठी एफपीजीएमध्येच लॉजिक ॲनालायझर बसवतात. त्याची किंमत आधी मोजावी. १२८ सिग्नलांचे ४,०९६ नमुने साठवायचे तर ५,२४,२८८ बिट लागतात, म्हणजे ३६ किलोबिटचे किमान १५ ब्लॉक. एवढे करून ५० मेगाहर्ट्झवर दिसतो तो काळ असतो सुमारे ८२ मायक्रोसेकंदांचा. दोष वीस सेकंदांनी येत असेल तर ही खिडकी फारच अरुंद आहे, म्हणून तिला केव्हा उघडायचे ही अट लिहिण्यातच सगळे कौशल्य आहे. ‘प्रोसेसर अडकला’ ही अट नव्हे. ‘विनंती दिल्यापासून १,००० चक्रांत उत्तर आले नाही’ ही अट होय, आणि ती ओळखणारा छोटा गणक आरटीएलमध्येच कायमचा ठेवावा. प्रत्येक चक्र न साठवता केवळ व्यवहार पूर्ण झाल्याचे चक्र साठवले, तर त्याच ब्लॉकांत कितीतरी लांबचा काळ मावतो. पाहायचे सिग्नल बदलले की पुन्हा तासन्‌तास बिल्ड करावे लागते, त्यामुळे पहिल्याच बिल्डमध्ये बसच्या सीमा, प्रोग्रॅम काउंटर आणि स्थितियंत्रांच्या अवस्था निवडून ठेवाव्यात.

दोषाची जागा सापडली की तोच प्रसंग सिम्युलेशनमध्ये घडवून आणावा, दुरुस्ती तेथे करावी आणि ती चाचणी कायमच्या संचात घालावी. बोर्डवरच दुरुस्ती करून पुढे गेलेला गट तोच दोष महिन्याभराने पुन्हा शोधताना मी पाहिला आहे.

पावसाळ्याची तजवीज

जूनमध्ये आमच्याकडे दिवसातून चारदा वीज जाते आणि एकदा अशाच रात्री नऊ तासांचा बिल्ड शेवटच्या टप्प्यावर गेला. तेव्हापासून संगणक यूपीएसवर असतो आणि सिंथेसिस, मांडणी व जोडणी या प्रत्येक टप्प्यानंतर चेकपॉइंट साठवला जातो, म्हणजे सुरुवातीपासून काम करावे लागत नाही. एफपीजीएतील मांडणी वीज जाताच पुसली जाते, म्हणून पक्का झालेला बिटस्ट्रीम बोर्डावरील फ्लॅशमध्येही ठेवावा. चवथीच्या सुट्टीत बोर्ड उघडे टाकून जाऊ नये. समुद्राकाठच्या दमट हवेत कनेक्टरवर हिरवट थर धरतो आणि मग अधूनमधून तुटणारी जोडणी आरटीएलमधील दोषासारखी भासते. सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाचा डबा पुरेसा असतो.

आराखडा पुढे पाठवण्याआधी

टेपआउटच्या (आराखडा चिप बनवायला पाठवण्याच्या) किमान महिनाभर आधी फरकांची वही तपासणीच्या गटाबरोबर ओळीओळीने वाचावी. प्रत्येक ओळीच्या चौथ्या रकान्यात कोणाचे तरी नाव आणि चाचणीचा क्रमांक असला पाहिजे. क्लॉक-गेटसाठी गेट-पातळीचे सिम्युलेशन, राहिलेल्या रीसेटसाठी अज्ञात मूल्यांचे सिम्युलेशन, क्लॉकांच्या सीमांसाठी त्या कामाचे खास विश्लेषण-साधन, बदललेल्या मेमरी कंट्रोलरसाठी उत्पादकाचे प्रतिरूप घेऊन केलेल्या चाचण्या. कॅशच्या त्या गटाच्या वहीत अखेरीस एकतीस ओळी झाल्या होत्या. त्यांतील सव्विसाव्या ओळीत, रीसेटनंतर कॅशच्या सर्व ओळी अवैध करणारे स्थितियंत्र घातल्याची नोंद आहे आणि चौथ्या रकान्यात त्याच मुलीचे नाव आहे.